ॲप शेवटी, आधी वर्गणीदार: यूट्यूबच्या प्रेक्षकांवर सबस्क्रिप्शन ॲप उभं करण्याचा क्रम

माझ्याकडे येणारे चॅनलवाले जवळजवळ सगळे पहिल्याच वाक्यात विचारतात, "ॲप करायला किती खर्च येईल?" चॅनल स्वयंपाकाचं असो, शेतीचं, स्पर्धा परीक्षांचं किंवा भजनाचं, प्रश्न हाच. मग कोणाकडून तरी ॲप करून घेतलं जातं, जुने व्हिडिओ त्यात भरले जातात आणि चॅनलवर "आपलं ॲप आलंय" असं जाहीर होतं. पहिल्या आठवड्यात भराभर डाउनलोड होतात. तिसऱ्या महिन्यात पैसे भरणारे बोटांवर मोजण्याइतके उरतात. बहुतेक वेळा ॲपमध्ये दोष नसतो, क्रम उलटा झालेला असतो.

हा लेख त्या क्रमाबद्दल आहे. उदाहरणादाखल कराडच्या एका ताईंचं काम सोबत ठेवतो. त्या यूट्यूबवर हार्मोनियम आणि भजन शिकवतात. त्यांच्या ॲपच्या कामात मी सुरुवातीपासून होतो आणि त्यातल्या चुकाही माझ्यासमोर झाल्या. तुमचा विषय वेगळा असला तरी टप्पे हेच आहेत. पहिल्या टप्प्यापासून ॲप लोकांच्या फोनवर येईपर्यंत सहा ते आठ महिने धरा. "पुढच्या महिन्यात ॲप आणतोय" असं व्हिडिओत बोलून बसू नका.

## टप्पा १: सबस्क्रायबर बाजूला ठेवा, परत येणारे मोजा

चॅनलचे सबस्क्रायबर किती, याचा वर्गणीशी फारसा संबंध नाही. यूट्यूब स्टुडिओच्या 'ऑडियन्स' विभागात पुन्हा पुन्हा येणारे प्रेक्षक वेगळे दिसतात. तो आकडा गेल्या बारा महिन्यांसाठी, महिन्यागणिक कागदावर लिहा. एखादा व्हिडिओ व्हायरल झाला तो महिना वगळा. उरलेली माणसं तुमची.

दुसरं काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळू नका. गेल्या शंभर व्हिडिओंवरच्या कमेंट वाचा आणि लोकांनी विचारलेले प्रश्न एका वहीत उतरवा. "खूप छान", "माउली" हे सोडून द्या, फक्त प्रश्न घ्या. ताईंच्या वहीत सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न होता, "माझा सूर काळी चार आहे, तुम्ही काळी एकमध्ये वाजवता, मी कसं वाजवू?" (काळी एक, काळी चार या हार्मोनियमवरच्या काळ्या पट्ट्या; ज्याच्या आवाजाला जी पट्टी सोसते तिथून तो 'सा' धरतो.) ही ओळ आम्ही तेव्हा फक्त लिहून ठेवली. तिचं महत्त्व पुढे कळलं.

तिसरं काम म्हणजे यूट्यूबबाहेर संपर्काची यादी करा. यूट्यूब तुम्हाला प्रेक्षकांचे नंबर देत नाही. व्हिडिओखाली एक साधा फॉर्म ठेवा. नाव, मोबाइल, गाव आणि "तुमची सर्वांत मोठी अडचण कोणती?" एवढंच विचारा. बदल्यात काहीतरी उपयोगाचं द्या. ताईंनी हरिपाठाच्या स्वरलेखनाची चार पानांची पीडीएफ दिली.

सावधान: यादीतल्या सगळ्यांना विचारल्याशिवाय एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाकू नका. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि अनेक बायकांना त्याचा फार त्रास होतो. ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसं मावतात, पण तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप पोचतो, म्हणून फॉर्म भरल्यावर "हा नंबर सेव्ह करा" हे ठळक लिहा. व्हॉट्सॲप चॅनलवर नंबर झाकलेले राहतात. जाहीर सूचनांसाठी ते बरं.

## टप्पा २: दर महिन्याला पैसे देण्याचं कारण ठरवा

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्या. बुडालेली बहुतेक ॲप्स इथेच बुडालेली असतात, मालकाला ते कळतं मात्र सहा महिन्यांनी.

व्हिडिओंचं कपाट वर्गणीवर चालत नाही. दोनशे व्हिडिओ एका ठिकाणी नीट लावून दिले, तर माणूस एक महिना पैसे भरतो, हवं ते बघतो आणि थांबतो. त्यात त्याचं काही चुकत नाही. कोर्सचं तेच: कोर्स संपतो, म्हणून कोर्सला एकदाच किंमत लावावी. वर्गणी चालते ती न संपणाऱ्या गोष्टीवर. रोजचा रियाज, आठवड्याचा फवारणी सल्ला, रोजचा चालू घडामोडींचा सराव, महिन्याच्या सणावारांप्रमाणे स्वयंपाकाचं नियोजन, या सगळ्यांत पुढच्या महिन्याचं काम पुढच्याच महिन्यात येतं.

स्वतःला तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं एकेका वाक्यात लिहा.

१. माणूस आठवड्यातून किमान तीनदा ॲप का उघडेल?
२. तिसऱ्या महिन्यात त्याला असं काय मिळेल जे पहिल्या महिन्यात मिळालं नव्हतं?
३. यूट्यूबला जमत नाही असं कोणतं काम ॲप करेल?

तिसऱ्या प्रश्नावर लोक अडतात. "ॲपमध्ये जाहिराती नसतील" हे उत्तर पुरत नाही. ताईंचं उत्तर वहीत आधीच होतं. व्हिडिओतला सूर बदलता येत नाही, ॲपमध्ये येतो. काळी चार निवडली की तानपुरा काळी चारचा लागतो, पडद्यावरच्या पट्ट्या त्याप्रमाणे सरकतात, आणि अवघड जागेची दोन आवर्तनं हळू लयीत पुन्हा पुन्हा वाजवता येतात. एका कमेंटमधून ॲपचा गाभा मिळाला.

मग ताईंनी वचन लिहिलं: "रोज बारा मिनिटं, तुमच्या स्वतःच्या सुरात, आणि महिन्याला दोन नवीन अभंग मंडळात वाजवता येतील इतके पक्के." तुमचं वचनही असं मोजता येणारं हवं. "संगीताची गोडी लावू" हे वचन पाळलं की मोडलं, हे कोणालाच सांगता येणार नाही.

तपासा: वचन विषयाबाहेरच्या एका माणसाला वाचून दाखवा. त्याने लगेच "म्हणजे रोज काय करायचं?" असं विचारलं, तर ते पुन्हा लिहा.

## टप्पा ३: ॲपशिवाय विकून बघा

आता तीस-चाळीस माणसांना हेच वचन विका. साधनं म्हणून व्हॉट्सॲप, यूपीआय आणि आठवड्याला एक झूम वर्ग पुरेत. झूमचं फुकट सत्र ४० मिनिटांत तुटतं, म्हणून वर्ग पस्तीस मिनिटांचा आखा. ॲप पुढे जे आपोआप करणार आहे ते सगळं या काळात हाताने करा. सकाळी रियाजाची ध्वनिफीत पाठवा, संध्याकाळी "झाला का?" विचारा, रविवारी शंका घ्या.

मुदत किमान तीन महिने ठेवा आणि पैसे दर महिन्याला वेगळे मागा. तीन महिन्यांचे एकदम घेतलेत, तर तुम्हाला जे शोधायचं आहे तेच झाकलं जाईल. दुसऱ्या महिन्याच्या एक तारखेला किती जण न सांगता पैसे पाठवतात, किती जण आठवण केल्यावर पाठवतात आणि किती गप्प बसतात, ही या टप्प्याची खरी कमाई.

ताईंनी हे चातुर्मासात केलं, आणि तो निर्णय मला आजही फार शहाणपणाचा वाटतो. आषाढी ते कार्तिकी या चार महिन्यांत आपल्याकडे लोक एरवीही काही ना काही नेम धरतात. "चातुर्मासात रोज बारा मिनिटं रियाज" ही गोष्ट कोणाला पटवून द्यावी लागली नाही. तुमच्या विषयाचाही असा काळ असतो. शेतीला खरिपाची पेरणी, स्पर्धा परीक्षांना जाहिरात निघाल्यानंतरचे महिने, स्वयंपाकाला श्रावण ते दिवाळी. तो काळ धरा.

माझा ठोकताळा असा की पहिल्या महिन्याच्या पैसे भरणाऱ्यांपैकी निम्मे तरी तिसऱ्या महिन्यात टिकले नाहीत, तर ॲपवर रुपया खर्च करू नका. टप्पा २ कडे परत जा आणि गळालेल्या प्रत्येकाला फोन करा. संदेश पाठवू नका, फोनच करा. संदेशाला "वेळ मिळत नाही" असं उत्तर येतं. फोनवर पाच मिनिटांनी कळतं की दुसऱ्याच आठवड्यात भाग अवघड झाला आणि विचारायला लाज वाटली.

सावधान: हा प्रयोग फुकट करू नका. फुकटातल्या पाचशे जणांच्या कौतुकापेक्षा पैसे भरणाऱ्या चाळीस जणांच्या तक्रारींवर ॲप जास्त चांगलं उभं राहतं.

## टप्पा ४: किंमत आणि हिशेब

किंमत ठरवताना लोक ओटीटीकडे बघून घाबरतात: "एवढे सिनेमे इतक्या कमी पैशांत मिळतात, मग आपण काय मागणार?" तुलना चुकीची आहे. ताईंचा विद्यार्थी त्यांची तुलना गावातल्या हार्मोनियमच्या क्लासच्या फीशी करतो. तुमच्या माणसाने तीच अडचण आज दुसरीकडे सोडवायची ठरवली तर त्याला काय खर्च येतो, ते शोधा. किंमत त्याच्या खाली ठेवा, पण फार खाली नको.

आता हातात काय पडतं ते बघू. समजा महिना १९९ रुपये ठेवलेत. जीएसटी नोंदणी असेल तर १८ टक्के कर याच रकमेतून जातो, म्हणजे १९९ मधले सुमारे ३० रुपये. त्यानंतर स्टोअरचं कमिशन. गूगल प्लेने २०२२ पासून आपोआप नूतनीकरण होणाऱ्या सबस्क्रिप्शनवरचं कमिशन १५ टक्के केलं. ॲपलकडे पहिल्या वर्षी ३० आणि नंतर १५ टक्के असा नियम आहे, पण वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत कमाई असणाऱ्यांना स्मॉल बिझनेस प्रोग्रॅममध्ये पहिल्यापासून १५ टक्के लागतं. त्यासाठी अर्ज करावा लागतो, आपोआप मिळत नाही. हे दर बदलत असतात, खातं उघडाल त्या दिवशी पुन्हा बघा. एकूण १९९ मधले सुमारे १४० रुपये तुमचे. दोनशे वर्गणीदार असतील तर महिन्याला २८,००० रुपये. त्यातून ॲपचा मासिक खर्च, व्हिडिओ साठवणूक, संकलन करणाऱ्याचा पगार आणि स्वतःचा वेळ वजा करा. हा हिशेब ॲप बनवणाऱ्याला भेटण्याआधी करा.

गळतीचा हिशेबही करा. दर महिन्याला दहा टक्के माणसं सोडून गेली, तर आजच्या शंभरातली वर्षाअखेर २८ उरतात. गळती पाच टक्क्यांवर आणली तर ५४ उरतात. नवे ग्राहक आणण्यासाठी धावपळ करण्यापेक्षा ही गळती कमी करण्यात जास्त पैसा आहे.

मासिकाबरोबर वार्षिक योजना ठेवा, साधारण आठ-नऊ महिन्यांच्या किमतीला. तीनपेक्षा जास्त योजना ठेवू नका. 'सिल्व्हर, गोल्ड, डायमंड' अशा पाट्या लावल्या की लोक निर्णय उद्यावर टाकतात.

पैसे कापले जाण्याची रीतही समजून घ्या, कारण ग्राहक तुम्हालाच विचारणार आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपोआप होणाऱ्या वसुलीला पहिल्यांदा ग्राहकाची ओटीपी किंवा पिनने संमती लागते आणि दर वेळी पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी त्याला सूचना जाते. ही सूचना पाहून घाबरलेल्या काकांचा फोन येणारच. तिचा अर्थ सांगणारा एक मिनिटाचा व्हिडिओ आधीच करून ठेवा.

## टप्पा ५: कागदपत्रं आणि मालकी

काम रुक्ष आहे, पण इथली चूक सर्वांत महाग पडते.

१. डेव्हलपर खाती, म्हणजे ॲप स्टोअरवर चढवण्यासाठी लागणारी खाती, स्वतःच्या नावावर उघडा. गूगल प्लेची नोंदणी फी एकदाच २५ डॉलर, ॲपलची दर वर्षी ९९ डॉलर. कंपनीच्या नावाने उघडायचं असेल तर डी-यू-एन-एस क्रमांक (कंपनीची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक) लागतो, त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज आधी करा. ताईंचं पहिलं ॲप बनवणाऱ्याने ते स्वतःच्या खात्यावर चढवलं होतं. काही महिन्यांनी त्याने फोन उचलणं बंद केलं. ॲप एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलवता येतं, पण ते जुन्या खातेदाराने करावं लागतं. आम्ही सात आठवडे त्याच्या मागे फिरलो. तेवढ्या काळात ॲपमध्ये साधी चूकही दुरुस्त करता आली नाही, आणि वर्गणीचे पैसे त्याच्या खात्यात जमा होत राहिले.

२. जीएसटी. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा साधारणपणे वर्षाला २० लाख रुपये उलाढाल. त्यात यूट्यूबच्या जाहिरातींचं उत्पन्नही धरलं जातं, आणि हे अनेकांच्या लक्षात येत नाही. सीएला ॲप सुरू होण्याआधी भेटा.

३. संगीत, चित्रं, पुस्तकं. यूट्यूबवर चालून गेलेलं पार्श्वसंगीत तुमच्या ॲपमध्ये चालेलच असं नाही. यूट्यूबचे संगीत कंपन्यांशी असलेले करार यूट्यूबपुरते असतात. तुकोबांच्या शब्दांवर कोणाचा हक्क नाही, पण एखाद्या आधुनिक संगीतकाराने लावलेल्या चालीवर असतो, आणि तो त्याच्या हयातीनंतर ६० वर्षं राहतो. ताईंनी ॲपमध्ये फक्त पारंपरिक वारकरी चाली आणि स्वतःच्या चाली घेतल्या. लोकप्रिय गाणी यूट्यूबवरच राहिली.

४. परवानगीचे विषय. शेअर बाजाराचा सल्ला पैसे घेऊन द्यायचा असेल तर सेबीची नोंदणी लागते. ती नसेल तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही. प्रेक्षकांत शाळकरी मुलं असतील तर लक्षात ठेवा, २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचे सगळे बालक धरले आहेत आणि त्यांची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. खातं पालकांच्या नावाने उघडायची सोय ठेवा.

## टप्पा ६: ॲप बनवणं

आता कुठे तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे आलो. दोन वाटा आहेत. ग्राफी किंवा क्लासप्लससारख्या तयार सेवांवर तुमच्या नावाचं ॲप उभं करता येतं. कमी वेळ, कमी डोकेदुखी, पण त्यांच्या चौकटीत राहावं लागतं. दुसरी वाट स्वतंत्र ॲप बनवून घेण्याची. व्हिडिओ, थेट वर्ग, चाचणी परीक्षा एवढंच लागत असेल तर तयार सेवा घ्या. सूर बदलणाऱ्या तानपुऱ्यासारखं वेगळं काम असेल तरच स्वतंत्र ॲपकडे जा. तयार सेवा घेतानाही विचारा: खातं माझ्या नावावर राहील का, आणि उद्या मी सोडून गेलो तर माझ्या ग्राहकांची यादी मला मिळेल का? लेखी उत्तर घ्या.

पहिल्या आवृत्तीत पाच गोष्टी पुरतात: मोबाइल नंबरने प्रवेश, 'आजचं काम' दाखवणारा पहिला पडदा, मुख्य साधन, मागचं सगळं शोधायची जागा, आणि वर्गणी बघायची-थांबवायची जागा. गप्पांचा ग्रुप, गुण, पदकं, दुकान हे सगळं नंतर. ॲप उघडल्यावर ताईंच्या पडद्यावर एकच मोठं बटण दिसतं, 'आजचा रियाज'. साठीच्या विद्यार्थिनीला चष्मा न लावता ते सापडलं पाहिजे, हा आमचा निकष होता.

स्वतंत्र ॲप असेल तर वर्गणीचा हिशेब स्वतः लिहायला घेऊ नका. कोणाची वर्गणी चालू, कोणाची बंद, कोणाचे पैसे अडकले, हे अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीकडे सांभाळायला रेव्हेन्यूकॅटसारख्या सेवा आहेत.

सावधान: सशुल्क व्हिडिओ यूट्यूबवर 'अनलिस्टेड' (फक्त लिंक असलेल्याला दिसणारे) ठेवून ॲपमध्ये दाखवू नका. लिंक एका दिवसात ग्रुपमध्ये फिरते, आणि यूट्यूबच्या अटींप्रमाणे त्यांचा प्लेअर दाखवण्याचे पैसे घेता येत नाहीत. त्याचप्रमाणे ॲपच्या आत स्वतःचा यूपीआय क्यूआर चिकटवून डिजिटल वर्गणी घेऊ नका, ॲप नाकारलं जातं किंवा काढून टाकलं जातं.

आधी अँड्रॉइड की आयफोन? महाराष्ट्रातल्या गावांत आणि लहान शहरांत तुमचा प्रेक्षक असेल तर अँड्रॉइड. अमेरिका, इंग्लंडमधली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने असतील तर आयफोनला उशीर करू नका. स्टुडिओत देशानुसार आकडे दिसतात, त्यावर ठरवा.

## टप्पा ७: चाचणी

गूगल प्लेवर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांची, सलग १४ दिवसांची बंद चाचणी (फक्त निवडक लोकांपुरती) करावी लागते. हा नियम माहीत नसल्याने लोकांचा मुहूर्त चुकतो. टप्पा ३ मधले तुमचे चाळीस जण इथे कामाला येतात. बारा लागतात म्हणून बाराच घेऊ नका, मधेच दोघं बाहेर पडले तर अडाल. वीस घ्या.

त्यांच्याकडून हे तपासून घ्या:

- तीन-चार वर्षं जुन्या, साठवण भरलेल्या फोनवर ॲप उघडतं का.
- एसटीत, नेटवर्क तुटत असताना काय होतं.
- वर्गणी भरून, ॲप काढून, पुन्हा टाकल्यावर वर्गणी परत दिसते का.
- वर्गणी थांबवणं आणि खातं कायमचं पुसणं ॲपच्या आतून जमतं का. खातं पुसण्याची सोय दोन्ही स्टोअरना लागतेच.

एक अडचण आम्हाला चाचणीतच सापडली. बऱ्याच आजी-काकूंच्या फोनमध्ये गूगल खातं मुलाचं होतं, तो पुण्यात नोकरीला. वर्गणी गूगल खात्याला जोडली जाते, फोनला नाही. आजींनी 'पैसे भरा' दाबलं की निरोप मुलाच्या फोनवर. काही मुलांनी तो फसवणूक समजून नाकारला. मग आम्ही भरण्याच्या पडद्याआधी एक ओळ टाकली, "या फोनमधलं गूगल खातं कोणाचं आहे? घरच्यांना आधी सांगा," आणि खाली खात्याचा ईमेल कसा बघायचा त्याचं चित्र. अडकलेले व्यवहार लगेच कमी झाले.

तपासा: ॲप स्टोअरच्या तपासणीला पाठवताना तिथल्या परीक्षकासाठी चालू वर्गणी असलेलं चाचणी खातं आणि लॉगिनची माहिती द्या. ओटीपी भारतीय नंबरवर जात असेल तर परीक्षक आतच येऊ शकत नाही आणि ॲप परत येतं. ठरावीक ओटीपी चालणारा एक नंबर ठेवा.

## टप्पा ८: खुलं करण्याचा क्रम

आधी टप्पा ३ मधल्या जुन्यांना बोलवा आणि त्यांचा जुना दर कायम ठेवा. आठवड्याने यादीतल्यांना. आणखी दोन आठवड्यांनी चॅनलवर. हे तीन घास वेगळे ठेवले की पहिल्या गर्दीत सापडणाऱ्या चुका ओळखीच्या माणसांसमोर सापडतात.

चॅनलवर सांगताना ॲपची जाहिरात करू नका, ॲप वापरून दाखवा. ताईंनी नेहमीचाच धडा घेतला. फक्त मधेच फोन पेटीवर ठेवला, सूर काळी एकवरून काळी चारवर नेला आणि तोच अभंग पुढे वाजवला. एवढं पंधरा सेकंदांचं दृश्य पुरलं.

सावधान: आजवर फुकट असलेले व्हिडिओ काढून ॲपमध्ये नेऊ नका. लोकांना ते हिसकावून घेतल्यासारखं वाटतं, आणि नवे लोक तुम्हाला शोधतात ते त्याच व्हिडिओंतून. जुनं तिथेच राहू द्या, नवी सोय ॲपमध्ये द्या.

नोटिफिकेशनची परवानगी पहिल्याच पडद्यावर मागू नका. अँड्रॉइड १३ पासून ती वापरणाऱ्याला विचारावी लागते, आणि ओळख नसताना विचारलं की लोक नाही म्हणतात. पहिला रियाज पूर्ण झाल्यावर विचारा: "उद्या किती वाजता आठवण करू?"

## टप्पा ९: पहिले नव्वद दिवस

या काळात नवीन सोयी बनवणं बंद. पुढच्या सहा आठवड्यांचं साहित्य तयार असल्याशिवाय ॲप खुलं करूच नका, कारण लग्नसराई, आजारपण, लाइट जाणं यांतलं काहीतरी होणारच. ठरलेल्या दिवशी ठरलेला धडा आला नाही, तर वर्गणीदार तेव्हा रागावत नाही, पुढच्या महिन्यात गुपचूप निघून जातो.

रोज एकच आकडा बघा: पैसे भरून सात दिवसांत ज्याने एकदाही ॲप उघडलं नाही अशी माणसं किती. तीच पुढच्या महिन्यात जाणार आहेत. त्यांना स्वतः निरोप पाठवा.

सोडून गेलेल्यांत एक गट असा असतो ज्यांना सोडायचं नव्हतंच. खात्यात पैसे नव्हते, कार्ड बदललं, ऑटोपे थांबलं. दोन्ही स्टोअरमध्ये पैसे अडकल्यावर काही दिवस सेवा चालू ठेवायची सोय आहे, तिला ग्रेस पीरियड म्हणतात. ती चालू आहे ना, ते बघा, आणि अशा माणसाला ॲपमध्ये सौम्य शब्दांत कळवा.

वर्गणी थांबवायची वाट मात्र कधीही लपवू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'डार्क पॅटर्न'विरोधात (ग्राहकाला फसवणाऱ्या ॲप-वेबसाइटच्या मांडणीविरोधात) मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, त्यात वर्गणीत अडकवून ठेवण्याचाही समावेश आहे. आणि कायदा नसता तरी, जो माणूस सहज बाहेर पडतो तोच पुढच्या श्रावणात परत येतो.

दर रविवारी सोडून गेलेल्यांपैकी पाच जणांना फोन करा. ताई अजूनही करतात. मिरजेच्या एका आजींनी दुसऱ्याच महिन्यात थांबवलं होतं. फोनवर आधी म्हणाल्या, "तब्येत बरी नसते." बोलता बोलता कळलं की फोनचा पडदा काळा झाला की तानपुरा बंद पडायचा, आणि दोन्ही हात पेटीवर असताना त्यांना तो पुन्हा लावता यायचा नाही. वीसजणांच्या चाचणीत हे कोणी बोललं नव्हतं, कारण तरुणांनी पडद्याची वेळ वाढवून घेतली होती. दुरुस्ती दोन दिवसांची होती. नवी आवृत्ती आल्यावर ताईंनी आजींना पुन्हा फोन केला, आणि पडदा बंद असताना चाललेला तानपुरा आजींनी त्यांना फोनवरूनच ऐकवला.